आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: दोन वर्षं फक्त ग्रहांचे चंद्र बघून लिहिलेलं परीक्षण

आधी डब्याबद्दल. त्यावर गॅनिमीड (गुरूचा चंद्र), टायटन (शनीचा), ट्रायटन (नेपच्यूनचा) असे एकेक रंगीत गोळे छापलेत आणि खाली '६७५ पट वर्धन'. दोन्ही थापा. गोळ्यांचे फोटो अंतराळयानांनी काढलेले आहेत. आणि ८ इंच व्यासाच्या आरशाला हवा कितीही शांत असली तरी ४०० पटीच्या पुढे नेण्यात अर्थ नसतो. दोन वर्षांत मी बहुतेक रात्री २०० वरच थांबले. तेव्हा हे गोळे बघायला मिळतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. मिळतात ते ठिपके.

मी हिशेबनीस आहे, वही ठेवायची सवय आहे, म्हणून मला ठिपके पुरले.

दुर्बीण साधी आहे. २०३ मिलिमीटरचा आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, खाली लाकडी फिरता डबा. मोटार नाही, हाताने ढकलायची. सोबत दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, येतात. २५ मिलिमीटरचा (४८ पट) उत्तम आहे. १० मिलिमीटरचा कडेला सगळं पसरट दाखवतो, तो मी महिन्याभरात बाजूला ठेवला आणि ६ मिलिमीटरचा चांगला वेगळा घेतला. हा खर्च आधीच धरून चला. फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) स्क्रू ढिला होतो. आयपीस जड लावला की नळी हळूच खाली झुकते, त्यासाठी मागच्या टोकाला चुंबक चिकटवलंय.

खरा मनस्ताप आरशांनी दिला. दुर्बीण आली तीच आरसे हललेली. सोबतच्या पुस्तिकेत दुसऱ्याच मॉडेलचं चित्र. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'स्क्रूंना हात लावू नका.' तीन आठवडे मी हात लावला नाही आणि गुरूचे चारही चंद्र मला शेपटीवाले दिसत राहिले. मग एका रात्री वैतागून कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, शिकले. वीस मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर दुर्बीण बदलल्यासारखी वाटली. गॅनिमीड बाकीच्या तिघांपेक्षा किंचित जाड दिसायला लागला, ठिपका नाही, इवलीशी चकती. त्याचा व्यास ५२६८ किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही मोठा. तो आकार आपल्या डोळ्यांना जाणवतो ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

दुसरी गंमत पहिल्याच आठवड्यातली. आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये गुरूचा चंद्र कॅलिस्टो डावीकडे, आयपीसमध्ये उजवीकडे. मी ॲपला शिव्या घातल्या. परावर्ती दुर्बीण चित्र उलटं दाखवते, हे मला माहीत होतं. डोळा लावल्यावर विसरले, इतकंच. आणि हो, बाहेर नेल्या नेल्या बघू नका. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला पाऊणएक तास लागतो. तोवर गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी टाकलेल्या नाण्यासारखा हलत राहतो.

या यंत्राची किंमत मला वसूल झाली ती आयोच्या ग्रहणांत. आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. गुरूच्या कडेपासून जरा दूर, मोकळ्या आकाशात, काही आडवं आलेलं नसताना तो मंद होत जातो आणि तीन-चार मिनिटांत नाहीसा होतो. पहिल्यांदा मला आयपीसवर दव धरलं असं वाटलं, कापड शोधायला गेले आणि शेवट हुकला. याच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे बघून १६७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओले रोमरने प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. पृथ्वीची कक्षा ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं त्याचं गणित. आजचा आकडा साडेसोळाच्या आसपास. माझ्याकडून एखादी पावती इतकी चुकली असती तर मी झोपले नसते, पण त्याच्याकडे घड्याळ कुठलं होतं ते बघा.

शनीकडे ४८ पटीतच टायटन दिसतो. मी त्याला तारा समजून सोडून दिलं होतं. आठ दिवसांनी तोच 'तारा' शनीच्या पलीकडे, सोळाव्या दिवशी परत जागेवर. नारिंगी छटा मला दिसते की दिसायला हवी म्हणून दिसते, हे छातीठोकपणे सांगणार नाही. शनीच्या बाकीच्या चंद्रांपैकी रिया सहज, डायोनी आणि टेथिस लक्ष दिल्यावर. एन्सेलाडस कड्यांच्या झगमगाटाजवळ दोनदाच सापडला. माझा लाडका मात्र आयापेटस: शनीच्या पश्चिमेला असताना स्पष्ट, चाळीसेक दिवसांनी पूर्वेला गेला की शोधून दमावं लागतं. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने तो १६७१ मध्ये शोधला तेव्हा त्यालाही तो एकाच बाजूला दिसायचा. एक अर्धगोल डांबरासारखा काळा, दुसरा बर्फासारखा. माझ्या वहीत पश्चिमेच्या नऊ नोंदी आहेत, पूर्वेच्या दोन.

युरेनसचे चंद्र मला दिसलेले नाहीत. मुद्दा संपला.

ट्रायटनसाठी मी पाच रात्री घालवल्या. नेपच्यून फिकट निळा ठिपका म्हणून मिळतो, त्याच्या शेजारी १३.५ प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका ठिपका अंधुक) ट्रायटन शोधायचा. चौथ्या रात्री तिरप्या नजरेने काहीतरी चमकलं, डोळा रोखला की नाही. नेपच्यूनचा शोध लागल्यावर सतराच दिवसांत, १० ऑक्टोबर १८४६ ला, विल्यम लॅसेलने ट्रायटन पकडला. हा माणूस पोटापाण्यासाठी बिअर गाळायचा आणि आरसे स्वतः घासायचा. पण त्याचा आरसा २४ इंची होता, माझ्या नऊपट प्रकाश गोळा करणारा. चौथ्या रात्रीची नोंद मी वहीत पेन्सिलने केली आहे.

पाचपैकी चार. एक गुण पुस्तिकेचा आणि त्या १० मिलिमीटरच्या आयपीसचा कापला.