विद्युत मोटारगाडी घ्यावी का? आधी वर्कशॉप पाहा
मित्राची विद्युत मोटारगाडी मी आठवडाभर चालवली. बोरघाट उतरताना रीजनमुळे (म्हणजे गाडीचा वेग आवरताना तयार होणारी वीज परत बॅटरीत भरली जाते त्यामुळे) चार्ज ६१ वरून ६३ टक्क्यांवर गेलेला पाहिला आणि माझे मन जवळजवळ ठरले. मात्र नंतर गाडीची यंत्रणा सुरू करणारी तिची साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली, तेव्हा गाडी पळवणारी मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलेना आणि वर्कशॉपमधला एकमेव प्रशिक्षित तंत्रज्ञ रजेवर असल्याने ती ९ दिवस तिथेच उभी राहिली. जीएसटी फक्त ५ टक्के आहे, घरच्या चार्जिंगचा खर्चही पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो. त्यामुळे मी घेणारच आहे. पण जवळच्या वर्कशॉपमध्ये असे तंत्रज्ञ किती आहेत आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे बुकिंगआधी लेखी घेईन.