अठरा रंगांची आयशॅडो पॅलेट: खटका तुटला, निळा मात्र टिकला

मागच्या आठवड्यात पॅलेटचा खटका तुटला. निपाणीला जाताना बसमध्ये पर्स मांडीवरच होती, कुठं आपटली नाही, पडली नाही. मावशीच्या घरी पोचून पर्स उघडली तर रुमाल, किल्ल्या, आधारकार्डाची झेरॉक्स, सगळं निळं-पिवळं झालेलं. हा अनुभव दिवाळीनंतर सावकाश लिहायचा विचार होता, पण आता थांबवत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून सुरू आहे. काळा प्लॅस्टिकचा डबा, आत अठरा रंग, निम्मे मॅट, निम्मे चमकीचे, किंमत 849 रुपये. ज्यांनी घेतलाय त्या एवढ्यावरून ओळखतील. बाकी वजन आणि रंगांची यादी सगळ्यांनी जाहिरातीत वाचलेलीच आहे.

आधी खटक्याचंच सांगते. झाकणाच्या पुढच्या कडेला नखाएवढी एक प्लॅस्टिकची जीभ आहे, ती खालच्या खाचेत अडकते. डबा उघडताना प्रत्येक वेळी ती जीभ वाकते. वाकून वाकून ती मुळाशी पांढरी पडते आणि शेवटी तिथंच तुटते. माझी गणपतीच्या आसपासच पांढरी पडलेली दिसत होती. अडीचशे रुपयांच्या कॉम्पॅक्टला चुंबक असतं, मग 849च्या डब्याला का नसावं? त्यात झाकणाला आतून आरसा केवढा, तर अख्ख्या झाकणाएवढा. त्या आरशाचं सगळं वजन पेलते कोण, तर ती नखाएवढी जीभ! आरसा निम्मा केला असता आणि तेवढ्या पैशात दोन चुंबकं बसवली असती तर ही वेळ आली नसती. डबा बनवणाऱ्याने तो एकदा तरी पर्समध्ये घालून बसने फिरावं, एवढंच माझं मागणं आहे.

आता रंगांकडे येते. ही पॅलेट मी हळदीकुंकवाच्या दिवसांत घेतली आणि घेण्यामागे बऱ्याच वर्षांचा राग होता. माझा रंग सावळा. कुणाच्याही लग्नात पार्लरमध्ये बसले की मेकअप करणारी बाई न विचारता ब्राऊन आणि सोनेरीचा डबा उघडते. मी चिंतामणी रंगाची साडी नेसलेली असू दे नाहीतर पोपटी, डोळ्यावर ब्राऊनच. "तुमच्या रंगाला हेच सोबर दिसतंय बघा" हे वाक्य मी बेळगावात शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत सगळीकडं ऐकलंय. पार्लरच काय, ऑनलाइन फोटोंतसुद्धा रंग दाखवलेले असतात ते गोऱ्यापान मनगटावर. आपल्या हातावर ते कसे दिसतील याचा पत्ताच लागत नाही.

मला हे कधीच पटलं नाही. माघात यल्लम्माच्या डोंगरावरून उतरणाऱ्या बायका बघा. कपाळभर भंडारा, भांगात भंडारा, आणि सावळ्या चेहऱ्यावर तो पिवळा असा उजळतो की नजर हटत नाही. तिथं त्या रंगाला कुणी सोबर-बिबर म्हणत नाही. तोच पिवळा डोळ्याच्या कोपऱ्यात लावला की मात्र लोकांना भडक वाटतो.

सावळ्या रंगावर फसतात त्या फिक्या छटा. फिका गुलाबी, फिका जांभळा, फिका आकाशी या छटांमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड. ते सावळ्या त्वचेवर राख फासल्यासारखं वर दिसत राहतं. भरलेले, दाट रंग मात्र खुलतात. या पॅलेटमधला गडद निळा, हळदी पिवळा, गुलबक्षी, मोरपंखी आणि गंजका केशरी हे पाच रंग माझ्या पापणीवर जितके उठतात तितके माझ्या गोऱ्या जावेच्या पापणीवर उठत नाहीत. दोघींनी शेजारी शेजारी बसून लावून बघितले. तिच्यावर ते फक्त गडद दिसतात, माझ्यावर त्यांना एक खोली येते.

पण नुसतं ब्रश घेऊन फासलं तर निळा लागत नाही. पहिल्या दिवसापासून हा निळा कोरडा आहे, पापणीवर ठिकठिकाणी विरळ दिसतो. कंपनीचा दोष थोडा आहेच, पण गडद निळ्या-जांभळ्या मॅट छटा सगळ्यांच्याच अशा हट्टी असतात. मी काय करते ते सांगते. पापणीवर कन्सीलर (त्वचेवरचे डाग झाकायला लावतात तो) घेते, मसुराच्या डाळीएवढा, त्याहून जास्त नाही. तो बोटाने थापून इतका पातळ करते की पापणी मिटून उघडली तरी घडीत साचत नाही. त्यावर पावडर लावत नाही, किंचित चिकटपणा राहू देते. मग चपट्या, आखूड केसांच्या ब्रशवर निळा घेते आणि घासण्याऐवजी दाबत दाबत बसवते. आधी बुबुळाच्या बरोबर वर, मग बाहेरच्या कोपऱ्याकडे. एक थर बसला की त्याच जागी दुसरा. घासलं की खालचा कन्सीलर सरकतो आणि टक्कल पडल्यासारखे ठिपके दिसतात. दाबलं की तोच कोरडा निळा दौतीतल्या शाईसारखा भरून येतो.

कडेचं काम वेगळं. डोळ्याच्या खोबणीत आधी आपल्या त्वचेपेक्षा एकच पायरी गडद असा गंजका रंग फिरवून ठेवायचा, मग निळ्याची वरची कड त्याला नुसती भिडवायची. गंजका केशरी आणि निळा एकमेकांत फार मिसळले तर मातकट राखाडी होतो, म्हणून कड मऊ करायला कोरा ब्रश घ्यायचा, रंग लागलेला नाही. पिवळा नाकाकडच्या कोपऱ्यात. पिवळा आणि निळा जिथं भेटतात तिथं आपोआप हिरवा होतो आणि तो इरकलीच्या हिरव्याशी असा काही जुळतो की वेगळी हिरवी छटा लावावीच लागत नाही. डोळे आधी करायचे, चेहरा नंतर. म्हणजे गालावर सांडलेली निळी भुकटी ओल्या कापसाने पुसता येते.

आणि ओठ. डोळे रंगीत असतील तर ओठ फिके ठेवा, असं सगळीकडं सांगतात. मी ठेवत नाही. निळ्या डोळ्यांबरोबर डाळिंबी लिपस्टिक लावते आणि ठसठशीत टिकली. इरकलीचा पदर लाल-पांढरा असतो, काठ वेगळ्या रंगाचा, चोळीचा खण तिसऱ्याच रंगाचा, आणि त्यात कधी कुणाला गर्दी वाटली नाही. मग चेहऱ्यावर दोन रंग एकत्र आले तर एवढं घाबरायचं कशाला?

खरी परीक्षा झाली शिवजयंतीला. आमच्या बेळगावची शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. उकाडा, गुलाल, हॅलोजनचे दिवे, ढोल. मंडळाच्या सजीव देखाव्यातल्या मुलींना तयार करायला गेले होते, स्वतःचाही मेकअप पूर्ण केला होता. पहाटे घरी आल्यावर आरशात बघितलं तर निळा जागेवर होता. घडीत एक बारीक रेघ पडली होती, एवढंच. पिवळा मात्र जवळजवळ उडून गेला होता. चमकीच्या छटा उडून डोळ्याखाली आल्या होत्या आणि त्या तशा येणारच, म्हणून आता मी त्या बोट ओलं करून दाबून लावते.

मिरवणुकीत गल्लीतल्या एका काकूंनी हनुवटीला धरून चेहरा दिव्याकडं वळवला. "काय गे हे, देवीसारखी दिसतीस की!" दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत काउंटरवर निळा थोडा हलका करून लावून गेले. शेजारच्या टेबलावरची कन्नड मैत्रीण पासबुकं बाजूला सारून म्हणाली, "भाळ चलो ऐत्री!" म्हणजे फार छान आहे, आणि लगेच विचारलं, कुठं मिळाली. त्या दिवशी नेहमीचे ठेवीदार काउंटरवर माझ्याशी जरा जास्त वेळ बोलले, त्यांतल्या दोघा-तिघींनी रंगाचं नाव कागदावर लिहून नेलं. मला वाटतं, धीर आरशासमोर येत नाही. असा चेहरा घेऊन चार लोकांत दिवसभर आपलं काम केलं की येतो. सुरुवात ऑफिसपासून करायची हिंमत नसेल तर हळदीकुंकू, वाढदिवस, गल्लीतला गणपती अशा जागी करा. सणाला रंग कुणाला खटकत नाही.

तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार गुण दिले असते. पावसाळ्यात ते दोनवर आले. आमच्याकडं जूनला सुरू झालेला पाऊस गणपतीपर्यंत अंग वाळू देत नाही, खानापूरकडे तर विचारायलाच नको. त्या दमट हवेत पिवळा आणि केशरी ब्रशवर यायचेच बंद झाले. वरून घासलं तर साबणाच्या वडीसारखी चकाकी. पॅलेट वाया गेली असं वाटून आणखी दोघींना "घेऊ नका" म्हणून सांगितलंही. मग एका मेकअप शिकवणाऱ्या मुलीने दाखवलं. बोटांचं आणि ब्रशचं तेल रंगाच्या वडीवर बसून कडक पापुद्रा धरतो. सेलोटेपचा तुकडा हलक्या हाताने दाबून उचलला की तो पापुद्रा निघून येतो. तसं केलं आणि खालून पहिल्यासारखा मऊ, दाट पिवळा निघाला. आता दर महिन्याला ब्रश शॅम्पूने धुते, आडवे ठेवून पूर्ण वाळवते, आणि डब्याशेजारी चपलांच्या खोक्यातून येणारी सिलिका जेलची पुडी ठेवते. गुण पुन्हा चारवर. त्या दोघींनाही फोन करून सांगितलं.

गुलबक्षीबद्दल एक गोष्ट नीट वाचा. पुठ्ठ्याच्या वेष्टनावर मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत लिहिलंय की दोन गुलाबी छटा डोळ्यांच्या लगत वापरू नयेत. डोळ्यांच्या पॅलेटमध्ये अशी सूचना असणं विचित्र वाटतं, पण कारण खरं आहे. लाल-गुलाबी रंगद्रव्यांपैकी काही ओठांना चालतात, डोळ्याभोवती चालत नाहीत. अमेरिकेत तर डोळ्यांसाठी कुठली द्रव्यं चालतील याची वेगळी यादीच आहे. म्हणून लिपस्टिक पापणीवर लावायचा उद्योगही करू नका. आता मी गुलबक्षी पापणीला लावत नाही, वर भुवईकडच्या उतारावर लावते, पण तोही भाग डोळ्याभोवतीचाच, तेव्हा तुम्ही टाळलेलंच बरं. तरी रात्री पुसल्यावर फिकट गुलाबी डाग दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. निळ्याचा असा त्रास नाही. वेष्टनावरच्या घटकांत 77007 हा आकडा दिसला तर ते अल्ट्रामरीन नावाचं रंगद्रव्य, आणि ते धुतलं की जातं.

आता तक्रारीची हकीकत. ग्राहक सेवेला फोन केला तर पहिला प्रश्न, डबा पहिल्यांदा उघडतानाचा व्हिडिओ आहे का? खटका इतक्या महिन्यांनी तुटला, त्याचा पार्सल उघडण्याशी काय संबंध? मग म्हणाले, सौंदर्यप्रसाधनं स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाहीत. मी म्हटलं, परत घेऊच नका, रंग मला हवेतच, फक्त रिकामा डबा पाठवा. रंगांच्या वाट्या खालून नुसत्या चिकटवलेल्या आहेत, मी काढून बसवते. तर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ म्हणाले. म्हणजे 849 पुन्हा खर्च करा आणि तोच खटका पुन्हा घ्या! नको म्हणून सांगितलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. बिल आणि तुटलेल्या जिभेचे फोटो जोडले आहेत. तिथं मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्यायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

तोपर्यंत पर्स-बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून पर्सला लावतात तसं चुंबकाचं बटण चिकटवून घेतलं. चाळीस रुपये लागले. झाकण आता खट्टकन बसतं, उलटं धरून हलवलं तरी उघडत नाही. चाळीस रुपयांत गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला जे जमलं ते कंपनीला कारखान्यात जमू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

घ्यायची असेल तर सीलबंद घ्या आणि वेष्टन फेकू नका. बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना नंबर असतो तो त्यावरच. बाहेरून आलेला माल असेल तर आयात नोंदणीचा नंबर आणि आयात करणाऱ्याचं नाव असतं. बाजारात अशाच दिसणाऱ्या पॅलेट दीडशे-दोनशेला मिळतात, त्यांवर यातलं काहीच नसतं. डोळ्याला लावायची वस्तू आहे, तिथं काटकसर नको. ती करायची तर ब्रशांत करा. महागडा संच लागत नाही, एक चपटा आणि एक फुगीर पुरतो.

निळी वाटी माझी तळाला लागत आली आहे, मधोमध पत्रा दिसायला लागलाय. ब्राऊनच्या तिन्ही वाट्यांवरचा कंपनीचा ठसा अजून जसाच्या तसा आहे. कुणाला निळा नको असेल आणि ब्राऊन हवे असतील तर सांगा. बेळगावात कुठंही येऊन अदलाबदल करायला तयार आहे.