मुलीच्या डॉक्टरांनी बाबांच्या सिगारेटचीही दखल घेतली: पुण्यातील एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याविषयी

आमच्या मुलीला बाळदम्याचा त्रास असल्यामुळे सिंहगड रस्त्यावरील एका बालरोगतज्ज्ञांकडे आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. तेथील औषधोपचार उत्तमच आहेत. परंतु हा अभिप्राय मी वेगळ्या कारणासाठी लिहीत आहे. छातीतली घरघर तपासून झाल्यावर डॉक्टरांनी "घरात कोणी सिगारेट-बिडी ओढतं का?" असे विचारले, तेव्हा माझ्या पतींनी "हो, पण बाल्कनीत, दार लावून," असे उत्तर दिले. आधीच्या एका दवाखान्यात हा विषय निघालाच नव्हता, आणि येथे तर या उत्तरावरही डॉक्टरांचे समाधान झाले नाही.

रागावणे नाही, लाजवणे नाही. धूर फटीतून आत येतो, शर्टाला आणि केसांना चिकटून राहतो, आणि लहान मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. त्यामुळे दम्याचा झटका, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग या साऱ्यांचा धोका वाढतो, हे त्यांनी शांतपणे सांगितले. मग सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते, असे विचारले. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीन गम (सिगारेट सोडताना तलफ भागवण्यासाठी तोंडात धरायचा गम) सहसा 4 मिलीग्रॅमचा देतात, नाहीतर 2 मिलीग्रॅमचा पुरतो. यांना 2 मिलीग्रॅमचा सुचवला आणि तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो, जिभेवर झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा असतो, चहा-कॉफीनंतर लगेच घ्यायचा नसतो, हे करून दाखवावे इतक्या बारकाईने समजावले. गमचे पाकीट मुलीच्या हाती लागू देऊ नका, ते लहान मुलाला विषारी ठरू शकते, ही ताकीदही दिली. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांक 2018पासून सिगारेटच्या पाकिटांवरच छापलेला असतो. डॉक्टरांनी यांना खिशातले पाकीट काढायला लावून तो तेथेच मोबाइलमध्ये साठवायला सांगितला. मुलीच्या फाइलमध्ये वजन-उंचीच्या खाली 'बाबा: सिगारेट' अशी नोंद झाली आणि पुढच्या प्रत्येक भेटीत सिगारेटची विचारपूस झाली. माझ्या पतींची सिगारेट सुटली त्याचे मोठे श्रेय मी या नोंदीला देते.

तिशीतला धडधाकट बाप स्वतःसाठी डॉक्टरांची पायरी क्वचितच चढतो. मुलाच्या लसी मात्र 6, 10 आणि 14 आठवड्यांना, पुढे 9 महिन्यांना आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास द्याव्याच लागतात, म्हणजे आईवडिलांची पुन्हा पुन्हा गाठ पडणारा डॉक्टर बहुधा बालरोगतज्ज्ञच असतो. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत देशातील 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागते असे आढळले. आणि डॉक्टर वा आरोग्यसेवकांकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी अवघ्या 48.8 टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. त्या घरांतली मुले तर कुणाला सांगूही शकत नाहीत.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक वाटते. मुलांना घेऊन बहुतेक वेळा आयाच येतात, त्यामुळे ज्याला सल्ला हवा तो माणूस समोर नसतोच. संध्याकाळी उशिराची किंवा रविवारची वेळ ठेवली तर वडील येऊ शकतील. दुसरे म्हणजे प्रश्न सिगारेट-बिडीपुरताच विचारला जातो. आपल्याकडे अनेक घरांत आजी मिश्री लावतात, आणि त्यासाठी तव्यावर तंबाखू भाजताना स्वयंपाकघरभर धूर होतो, तेव्हा नातवंडे तेथेच खेळत असतात. मी हे डॉक्टरांच्या कानावर घातले आहे, आणि त्यांनी पुढच्या वेळी सासूबाईंनाही सोबत आणायला सांगितले आहे.

या सल्ल्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, तपासणीच्या शुल्कातच तो मिळतो. गर्दीमुळे तासभर थांबावे लागते, तरी घरात कोणी ओढत असेल तर त्या व्यक्तीला घेऊनच जावे.