फुकटची जागा, विकतची जागा: फाइली सिंक करणाऱ्या तीन सेवांबद्दल

मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझी गरज अगदी साधी आहे: कार्यालयातील संगणकावर दुपारी दुरुस्त केलेले पान रात्री घरच्या लॅपटॉपवर तसेच्या तसे उघडले पाहिजे. पेनड्राइव्ह खिशात घालून हे काम अनेक वर्षे केले आणि एक पेनड्राइव्ह पँटबरोबर धुऊन निघाल्यावर सोडून दिले. त्यानंतर फाइली सिंक करणाऱ्या, म्हणजे दोन्ही संगणकांवरील फोल्डर आपोआप सारखा ठेवणाऱ्या सेवांच्या फुकटच्या, विकतच्या आणि पुन्हा फुकटच्या अशा तिन्ही वाटा मी धुंडाळल्या.

आधी फसगत सांगतो. सुरुवातीला जी फुकटची सेवा वापरत होतो तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मे महिन्याच्या सुटीत आलेल्या भाच्याने लॅपटॉपवर जागा होत नाही म्हणून ‘जुने’ नावाचा फोल्डर उडवला. सेवेने आपले काम चोख बजावले आणि तोच फोल्डर कार्यालयातील संगणकावरूनही काढून टाकला. जुलैत दिवाळी अंकाच्या कामाला हात घातला आणि मागील वर्षाची जाहिरातींची पाने शोधू लागलो, तोवर कचरापेटीतील तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. फाइली सिंक होतात म्हणजे त्या सुरक्षित आहेत असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आपली चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते.

आपण फुकटे होतो म्हणून हे झाले, असे वाटून मी ड्रॉपबॉक्स या तशाच दुसऱ्या सेवेची ‘प्लस’ नावाची वर्गणी घेतली. फुकट खात्यात तेथे २ जीबी जागा मिळते आणि मार्च २०१९ पासून अशा खात्याला तीनच उपकरणे जोडता येतात. वार्षिक वर्गणी भरल्यास महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये २ टीबी जागा मिळते आणि उपकरणांचे बंधन राहत नाही. सेवा म्हणून तिला नाव ठेवायला फारशी जागा नाही. फाइलीचे साधारण ४ एमबीचे तुकडे करून जे तुकडे बदलले तेवढेच ती वर चढवते, त्यामुळे तीनशे एमबीच्या फाइलीत चार वेलांट्या सुधारल्या तर सगळी फाइल पुन्हा जात नाही, आणि कार्यालयातील रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर हा फरक चांगलाच जाणवतो. पैसे भरून झाल्यावर मात्र मी बारीक अक्षरातील मजकूर वाचला (हा माझ्या पेशाला न शोभणारा क्रम आहे, हे मान्य). उडालेली फाइल परत मिळण्याची मुदत फुकट खात्यालाही ३० दिवस आणि प्लस खात्यालाही ३० दिवसच. १८० दिवस हवे असतील तर त्याहून महाग वर्गणी घ्यावी लागते. म्हणजे ज्या अपघाताला घाबरून मी पैसे भरले, त्यातून त्या पैशांनी माझी सुटका झालीच नसती.

फुकट सेवेच्या अटी बदलतात, ही तक्रार खरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या सेवेतील फुकट जागा २०१६ मध्ये १५ जीबीवरून ५ जीबीवर आली. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये चढवलेली छायाचित्रे गूगलच्या फुकट १५ जीबी जागेच्या हिशेबात धरली जाऊ लागली. परंतु पैसे भरणाऱ्याला कायमचा आसरा मिळतो असेही नाही. कॅनॉनिकल या कंपनीची उबुंटू वन ही फाइली साठवण्याची आणि सिंक करण्याची सेवा २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हा वर्गणीदारांचे उरलेले पैसे परत मिळाले, पण ३१ जुलैपर्यंत सामान हलवा ही सूचना त्यांनाही फुकट्यांइतकीच लागू होती.

सध्या माझे काम सिंकथिंगवर चालते. ती मुक्त प्रणाली आहे, वर्गणी नाही, आणि मधे कोणाच्या सर्व्हरवर फाइली साठवल्याही जात नाहीत; एक संगणक दुसऱ्याला थेट फाइल देतो. त्यामुळे दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असावे लागतात, आणि कार्यालयातील संगणक बंद करून घरी आलो तर दुपारची पाने दुपारीच राहतात. हा त्रास मी महिनाभर सोसला, मग तो संगणक रात्री नऊपर्यंत चालू ठेवू लागलो. अँड्रॉइडसाठीचे मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवण्यात आले, हीसुद्धा उणीवच. मात्र जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय येथे आपल्या हातात आहे. ती आपोआप सुरू नसते, प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी सुरू करावी लागते. टप्प्याटप्प्याने आवृत्त्या ठेवणारा प्रकार निवडला की पहिल्या दिवसातील तासागणिक, पहिल्या महिन्यातील दिवसागणिक आणि पुढे वर्षभर आठवड्यागणिक एक प्रत राहते. एक मेख लक्षात ठेवावी: दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या बदलाचीच जुनी प्रत ठेवली जाते, स्वतःच्या संगणकावर आपणच पुसलेल्याची नाही, म्हणून ही सोय दोन्हीकडे सुरू करावी.

पैसे भरणे मी पूर्णपणे सोडलेले नाही. कार्यालय आणि घर एकाच शहरात आहेत, आणि चोरी किंवा पुराचा विचार केला तर तिसरी प्रत दूर कुठेतरी हवी. त्यासाठी गूगलकडे १०० जीबीचे वर्षाचे १,३०० रुपये भरतो; छापून झालेल्या अंकांच्या अंतिम फाइली तेवढ्या तेथे ठेवतो, रोजचे काम नाही. दोन डीटीपी दुकानांच्या चहाच्या खर्चापेक्षा ही रक्कम कमी आहे, त्यामुळे तिच्याबद्दल कुरकुर नाही.

जुना लॅपटॉप आता भाच्याकडे असतो. त्यावरही तोच फोल्डर आहे, पण सिंकथिंगमध्ये तो ‘फक्त घेणारा’ म्हणून नोंदवला आहे, म्हणजे तेथे पुसलेले इतरत्र पुसले जात नाही. त्याने गेल्या सुटीत तो पुन्हा एकदा साफ केला. मी एक बटण दाबले आणि जेवायला बसलो.