‘नर्सरीत वाढवलेला’ कोपियापोआ घेताना आधी बूड बघा

‘कोपियापोआ सिनेरिया, युरोपातल्या नर्सरीत बियांपासून वाढवलेला, थेट इम्पोर्ट.’ कोपियापोआ या निवडुंगाची ही जाहिरात बघून एका संग्राहकाने पाच आकडी रक्कम आगाऊ भरली. पार्सलमध्ये कागदात गुंडाळलेलं, मातीविना झाड आलं. बुडाला लाकडासारखी खडबडीत साल, मुळं सपाट छाटलेली, अंगावरच्या पांढऱ्या मेणचट थरावर बोटांचे ठसे. हे झाड नर्सरीतलं नव्हे, रानातून उपटलेलं.

कोपियापोआ मूळचा फक्त चिलीतला, अटाकामा वाळवंटाच्या किनारपट्टीचा. पाऊस जवळपास नाहीच; समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर तो जगतो. म्हणून रानातलं झाड राखाडी, धुळकट, दणकट काट्यांचं असतं. हरितगृहातलं त्यामानाने हिरवं आणि नितळ. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत २०१३ साली या वंशातल्या ५५ टक्के जाती धोक्यात होत्या, २०२४ मध्ये ८२ टक्के. ऑनलाइन मागणी आणि त्यापायी होणारी चोरटी तोड हे त्यामागचं मोठं कारण. आपण भरलेले पैसे तिथेच पोचतात, हे फार वाईट आहे.

फसवणूक चालते ती झाडाच्या चिवटपणावर. मुळं तुटली तरी खोडातल्या साठ्यावर ते महिनोन् महिने टवटवीत दिसतं. तोवर तक्रारीची मुदत संपते. मग आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत छाटलेल्या जखमेतून बुरशी शिरते आणि झाड आतून कुजतं. विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: ‘तुम्ही पाणी जास्त घातलंत.’

कागदपत्रांत बहुतेक जण फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर फसतात. त्यातून झाडावर रोग-कीड नाही एवढंच कळतं. कोपियापोआ सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. लागवडीचं झाड असलं तरी देशाबाहेर पाठवायला सायटीसची कागदपत्रं लागतात. परवान्यावरचा स्रोताचा रकाना वाचा: ‘ए’ म्हणजे लागवडीचं, ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातलं. भारतात आणायला प्लांट क्वारंटाइनचा (बाहेरून येणाऱ्या झाडांची रोग-कीड तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) आयात परवाना वेगळा. ‘पार्सलवर गिफ्ट लिहितो, काळजी नको’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. पार्सल पकडलं गेलं तर त्यावर नाव तुमचं असतं.

पैसे देण्याआधी त्याच झाडाचे दोन-तीन वर्षांपूर्वीचे, कुंडीतले फोटो मागा. कुंडीतून काढून मुळांचा व्हिडिओही मागा. लागवडीच्या झाडाला बारीक तंतुमुळांचा गुंता असतो, आणि खरा नर्सरीवाला तो आनंदाने दाखवतो.