माराकेशहून डोंगरातला एक दिवस: ऊरिका की इमलिल?

मोरोक्कोतल्या माराकेशला तीन-चार दिवस मुक्काम असेल, तर त्यातला एक हाय ॲटलस पर्वतरांगेतल्या बर्बर, म्हणजेच अमाझिग, गावांसाठी ठेवाच. प्रश्न पडतो तो दरीचा. ऊरिका आणि इमलिल दोन्हीकडे गाडीने साधारण दीड तासात पोचता येतं, त्यामुळे अंतरावरून निवड होत नाही. तिथे पोचल्यावर तुम्हाला काय करायचंय, त्यावरून होते.

ऊरिकाचा रस्ता नदीकाठाने वर चढत सेत्ती फात्मा गावापर्यंत जातो. पाण्यातच मांडलेल्या खुर्च्या, हलते झुलते पूल, निखाऱ्यावर मातीच्या झाकणदार भांड्यात शिजणारी रस्सेदार ताजीन. सात धबधब्यांपैकी पहिला अर्ध्या-पाऊण तासाच्या चढणीवर आहे, दगड मात्र निसरडे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईबाबा सोबत असतील, तर नदीकाठी बसूनही दिवस छान जातो. हे सुख इमलिलमध्ये नाही. पण उन्हाळ्यातल्या रविवारी सगळं माराकेश ऊरिकाला लोटतं आणि पावसाळ्यातल्या भुशी डॅमची आठवण येते. सोमवारी जाता आलं तर उत्तम, त्या दिवशी खाली त्नीन ऊरिकाला आठवडी बाजार भरतो. वाटेत ड्रायव्हर आर्गन तेलाच्या दुकानापाशी हमखास थांबवतात. आर्गनची झाडं या दरीतली नाहीत, ती अगादीर-एस्सावीराकडची, तेव्हा तिथे घाईने खरेदी करू नका.

ऑगस्टमध्ये डोंगरावर दुपारी ढग दाटले, तर नदीपात्रातून लगेच उठा. १९९५ च्या ऑगस्टमध्ये याच दरीत अचानक आलेल्या लोंढ्याने दोनशेहून अधिक माणसं नेली.

इमलिल सुमारे १७४० मीटर उंचीवर आहे आणि इथे चालावंच लागतं. उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर तुबकाल (४१६७ मीटर), त्याची वाट इथूनच सुरू होते. शिखर एका दिवसाच्या सहलीचं काम नाही. त्यासाठी मुक्काम हवा, परवानाधारक गाइड हवा. एका दिवसात आरूमद गावापर्यंत जाऊन यावं. अक्रोड आणि सफरचंदाच्या बागांमधून, पाटाच्या कडेने तासाभराची चढण आहे. ओझं वाहणारी खेचरं आली की त्यांना वाट द्यायची. गाव उतारावर एकावर एक रचल्यासारखं, खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. घरांतून बोलली जाते ती अरबी नव्हे, तशलहीत ही अमाझिग भाषा. दमसास असेल तर पुढे सिदी शमहरूशच्या दर्ग्यापर्यंत जाता येतं. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, पण वाट सुंदर आहे.

माझा कौल इमलिलला. ऊरिकामध्ये आपण बहुतेक वेळ रस्त्यालगतच्या हॉटेलांच्या रांगेत असतो आणि गावं वर, नजरेआडच राहतात. इमलिलमध्ये गावातूनच चालावं लागतं. शिवाय ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाचा मोठा फटका याच अल-हौझ प्रांताला बसला. जवळपास तीन हजार माणसं गेली, दगडमातीची असंख्य घरं कोसळली. अशा वेळी गावातलाच गाइड घेणं, गावातल्याच घरी जेवणं, याचं मोल मला फार वाटतं. कोसळलेल्या घरांचे आणि माणसांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

शाकाहारींची अडचण दोन्हीकडे सारखीच. भाज्यांची ताजीन मिळते, पण ती मटणाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, हे आधी विचारा. पातळ पोळीसारखी म्सेम्मेन आणि पुदिन्याचा गोड चहा यावर दुपार निभते.

‘एका दिवसात चार दऱ्या आणि उंटाची सवारी’ अशा सहली स्वस्त पडतात, पण दिवस गाडीतच संपतो. त्यापेक्षा चौघं मिळून दिवसभरासाठी ग्रँड टॅक्सी, म्हणजे गावोगावी जाणारी मोठी टॅक्सी, ठरवा. भाडं, थांबे आणि परतीची वेळ निघण्याआधीच बोलून घ्या. हिवाळ्यात इमलिलला जाणार असाल तर जाड जॅकेट आणि पक्की पकड असलेले बूट हवेतच, कारण वरच्या वाटांवर बर्फ असतं.