ओबीडी स्कॅनर: घाटात कामाचा, दारात उभ्या गाडीचा वैरी

ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावली की इंजिनचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी; आतली चिप ईएलएम ३२७ ची नक्कल. बॉक्सवरचं सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. माझी बीएस-फोर डिझेल पिकअप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन कोल्हापूरला जाते. मे महिन्यात इंजिनचा दिवा लागला आणि रेडिएटरचा फॅन थांबायचं नाव घेईना. सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट पुरतं उघडायच्या आधीच सेन्सर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप असं पाच आकडी कोटेशन हातात ठेवलं. त्या रागात ही डबी मागवली.

पहिल्याच दिवशी पैसे वसूल. कोड पी०११८, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष; तापमान उणे ४०. रत्नागिरीत, मे महिन्यात! एवढा आकडा आला की सर्किट कुठेतरी तुटलंय समजायचं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खरं तापमान कळत नाही, म्हणून तो फॅन चालूच ठेवतो. सेन्सर काढून मल्टिमीटर लावला. तापेल तसा त्याचा रोध उतरायला हवा: गार पाण्यात अडीच हजार ओहमच्या आसपास, उकळत्यात दोनशेच्या आत. ठणठणीत होता. दोष कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये. खारी हवा, वर बर्फाचं पाणी. एका पिनेवर हिरवी पूड धरलेली, जरा ओढली तर पिनच हातात आली. पालीच्या वायरमनने नवा कपलर जोडला, चहासकट दोनशे रुपये. पंप आणि थर्मोस्टॅट अजून तेच आहेत.

आता तक्रार. डबीला बटण नाही. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबर पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी. जून-जुलैत मासेमारी बंद, गाडी दारात, आणि ही बया निळा दिवा मिचकावत बॅटरी पीत बसली. बंदी उठली तेव्हा स्टार्टरने नुसतं ‘टक्’ केलं. रोज काढून ठेवा म्हणतात. स्टिअरिंगखाली मुंडी घालून, चिखलात गुडघे टेकून. स्विचवाली एक्स्टेन्शन वायर मिळते, पण तिची किंमत डबीहून जास्त. दोन रुपयांचं बटण बसवायला यांचं काय जात होतं? तेव्हा एकच स्टार देणार होतो.

ऑगस्टात मत बदललं. साखरपा सोडून आंबा घाट चढताना डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा निवांत मधोमध, मोबाइलवर मात्र ९८, १०२, १०७. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर होतो. कोड एकही नाही. बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवलं, आकडा हळूहळू उतरला. कूलंट पुरेसं, फॅन फिरतोय. शेवटी इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत हायवेच्या कामाची लाल माती थापलेली सापडली. आतून बाहेर, कमी प्रेशरने धुतली; आता त्याच चढाला ९४ च्या वर जात नाही. म्हणून सांगतो, कोडपेक्षा लाइव्ह आकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मोठा फरक असेल तर दोघांतला एक सेन्सर खोटं बोलतोय.

मात्र चढाला आकडा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. कूलंट गळून गेलं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना थंड दाखवू शकतो. अशा वेळी गाडी तिथेच बंद करा, आणि रेडिएटरच्या झाकणाला ते गार होईपर्यंत हात लावू नका; आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर गेलेलं असतं.